बेळगावात शिकायला येताय? राहायची जागा अशी ठरवा

प्रवेशाच्या याद्या लागल्या की खानापूर, निपाणी, चंदगड, आजरा, गडहिंग्लज भागातले पालक मुलांना घेऊन बेळगावात खोल्या शोधत फिरू लागतात. जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, भाडं किती? हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तो पहिला विचारला की बाकीचे राहून जातात. वर्षाच्या मध्येच मुलं खोली सोडतात, त्यामागचं कारण बहुधा भाडं नसतं. रोजचा रस्ता, पाणी किंवा पावसाळ्यातली ओल हीच कारणं असतात. मी बेळगावचीच आहे. नात्यातल्या, ओळखीतल्या मुलामुलींना जागा पाहून देताना जो क्रम उपयोगी पडला, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

आधी एक खात्री करा : वर्ग नेमके कुठे भरतात?

हे विचारणं विचित्र वाटेल, पण बेळगावच्या बाबतीत इथूनच सुरुवात करावी लागते. 'बेळगावच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला' या वाक्यातून काहीच ठरत नाही.

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, म्हणजे आपलं व्हीटीयू, १९९८ साली स्थापन झालं. त्याचं मुख्यालय खानापूर रस्त्यावर मच्छे इथे आहे. पण राज्यभरची अभियांत्रिकी महाविद्यालयं या विद्यापीठाला जोडलेली आहेत, आणि त्याची केंद्रं मुद्देनहळ्ळी, म्हैसूर, कलबुर्गी इथेही आहेत. तेव्हा पत्रावर व्हीटीयूचं नाव असलं तरी वर्ग मच्छेतच असतील असं नाही.

राणी चन्नम्मा विद्यापीठाचं आणखी वेगळं. २०१० साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ भुतरामनहट्टीला, म्हणजे शहरापासून वीसेक किलोमीटरवर, कोल्हापूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत आहे. नवं संकुल मात्र हिरेबागेवाडीला, शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला, धारवाडच्या दिशेला. कोल्हापूरच्या बाजूच्या काकतीत खोली घेतली आणि वर्ग हिरेबागेवाडीला निघाले, तर रोज अख्खं शहर ओलांडावं लागेल. म्हणून विभागाच्या कार्यालयात फोन करा आणि सरळ विचारा, 'या वर्षी आमच्या अभ्यासक्रमाचे वर्ग कोणत्या संकुलात? पुढच्या वर्षी बदलणार आहेत का?' हे उत्तर मिळेपर्यंत कुणालाही आगाऊ पैसे देऊ नका.

वैद्यकीयच्या मुलांनी आणखी एक विचारावं, रात्रपाळीची ड्युटी कोणत्या वर्षापासून लागते? ती लागली की इस्पितळापासून चालत येण्याच्या अंतरावर राहणं अटळ होतं. पहिल्या वर्षी लांब राहून चालतं, पुढे नाही.

दुसरी पायरी : शहराची अंगं ओळखा

माझा सगळ्यात ठाम सल्ला हा आहे. बेळगाव मुंबई-पुण्यासारखं अवाढव्य नाही, त्यामुळे कुठेही राहिलं तरी चालेल असं लोकांना वाटतं. पण शहराच्या मधून रेल्वे जाते, एका अंगाने महामार्ग जातो, आणि कॉलेजच्या वेळेला गोगटे सर्कल, चन्नम्मा सर्कल, कपिलेश्वर पूल या जागा तुडुंब भरतात. टिळकवाडीतलं रेल्वे गेट पडलं की दोन्ही बाजूंना दुचाक्यांची रांग लागते. कॉलेज ज्या अंगाला, खोलीही त्याच अंगाला असली की निम्मा त्रास मिटतो.

दक्षिणेचं अंग खानापूर रस्त्याचं. गोगटे इन्स्टिट्यूट, म्हणजे जीआयटी, आणि केएलई संस्थेचं शेषगिरी अभियांत्रिकी महाविद्यालय उद्यमबागेत आहेत. पुढे मच्छेला जैन अभियांत्रिकी महाविद्यालय आणि व्हीटीयू. या मुलांनी अनगोळ, भाग्यनगर, राणी चन्नम्मानगर, हिंदवाडी, टिळकवाडी या भागांत पाहावं. व्हीटीयूसाठी पिरनवाडी आणि खुद्द मच्छेही चालतं. मच्छे-पिरनवाडीत जागा स्वस्त पडते. पण उद्यमबागेपासून पुढे सगळा औद्योगिक पट्टा आहे, रस्त्यावर मालवाहू गाड्या असतात. रात्री अभ्यासिकेतून एकट्याने परतायचं असेल तर हा विचार आधीच करावा. आरपीडी, गोगटे वाणिज्य महाविद्यालय आणि राजा लखमगौडा लॉ कॉलेज टिळकवाडीतच आहेत. तिथल्या मुलांना टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, गोवावेस एवढा परिसर पुरे. चालत किंवा सायकलीने भागतं.

उत्तरेचं अंग नेहरूनगरचं. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि केएलईचं मोठं इस्पितळ इथे आहे. सदाशिवनगर, वैभवनगर, कुवेंपूनगर, शिवबसवनगर, सह्याद्रीनगर, हनुमाननगर ही आसपासची वस्ती. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी पीजी (पेइंग गेस्ट) आणि खानावळी या भागात भरपूर आहेत, पण भाडंही त्याच हिशोबाने चढं असतं. बीम्स, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात आहे. त्यासाठी शिवबसवनगर आणि सदाशिवनगर जवळचे. भुतरामनहट्टीला जाणाऱ्यांनीही याच अंगाला राहावं, कारण महामार्गावर लगेच निघता येतं. शहापूर-वडगावातून भुतरामनहट्टी गाठायची तर आधी शहर ओलांडण्यातच जीव जातो.

पश्चिमेचं अंग हिंडलगा, गणेशपूर, विजयनगर, कॅम्पकडचं. चंदगडकडून येणारा वेंगुर्ला रस्ता शिनोळी-हिंडलगामार्गे याच बाजूने शहरात शिरतो. दर शनिवारी गावी जाणाऱ्या चंदगडच्या मुलामुलींना हे सोयीचं. सावगाव रस्त्यावरच्या अंगडी इन्स्टिट्यूटला मात्र नानावाडी, मंडोळी रोड जास्त जवळ.

हिरेबागेवाडीची दिशा निराळीच. त्या रस्त्यावर हलग्याला सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत आहे. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा महामार्गावर बंदोबस्त, मोर्चे, वळवलेली वाहतूक हे सगळं आठ-दहा दिवस चालतं. त्याच सुमाराला परीक्षा असतील तर घरातून तासभर आधी निघायची तयारी ठेवा. शहरातले लॉजही त्या काळात भरलेले असतात, त्यामुळे डिसेंबरात एखाद्या रात्रीपुरतं येऊन खोली शोधू म्हणाल तर मुक्कामाचीच पंचाईत होईल.

तिसरी पायरी : राहायलाच हवं का? ये-जा जमेल का?

हा प्रश्न टाळू नका. खानापूर बेळगावपासून सव्वीसेक किलोमीटरवर आहे, आणि मच्छे, उद्यमबाग दोन्ही त्याच रस्त्यावर, शहराच्या अलीकडे. खानापूरच्या मुलाला जीआयटीला जायचं तर शहरात शिरावंच लागत नाही. बस आहे, रेल्वेही आहे. संकेश्वर, यमकनमर्डीकडच्या मुलांना भुतरामनहट्टीबद्दल हेच म्हणता येईल, विद्यापीठ त्यांच्या वाटेवरच लागतं.

मुलींच्या बाबतीत हिशोब आणखी बदलतो. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना सुरू आहे. कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवलं की साध्या सरकारी बसमध्ये महिलांना तिकीट नाही. खानापूर, निपाणी, चिकोडीच्या मुलीला रोजच्या प्रवासाचा खर्च शून्य, फक्त वेळ मोजायचा. चंदगड-गडहिंग्लजच्या मुलीला, तिच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असल्यामुळे, ही सवलत नाही. तिला बेळगाव शहरातल्या सिटी बसचंही तिकीट काढावं लागेल. म्हणून एकाच वर्गातल्या दोन मैत्रिणींनी 'लांबची पण स्वस्त खोली' घ्यावी का, याचं उत्तर दोघींसाठी वेगळं असू शकतं. निपाणीच्या मुलीला लांबची खोली परवडेल, चंदगडच्या मुलीने जवळची पाहावी. मुलांसाठी वायव्य कर्नाटक परिवहनचा विद्यार्थी पास आहे. अर्ज कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवर भरायचा. कॉलेज सुरू होताच भरा, उशीर केलात तर तेवढे दिवस तिकीट काढावं लागेल.

दुचाकीचा हिशोबही कागदावर मांडून बघा. नेहरूनगरजवळ राहून मच्छेला जायचं असं समजा. एकेरी अंतर बारा किलोमीटर धरा, रोजचे चोवीस, महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे ५२८ किलोमीटर. गाडी लिटरला ४५ देत असेल तर पावणेबारा लिटर पेट्रोल, म्हणजे बाराशे रुपयांच्या आसपास. टायर, सर्व्हिसिंग आणि पावसात भिजून येणारं आजारपण त्यात धरलेलं नाही. कॉलेजजवळची खोली हजार रुपयांनी महाग असेल तरी तीच स्वस्त पडते. माझ्या मते पहिल्या वर्षी मुलाला दुचाकी देऊच नये. तीही सोय झाली की खोली लांब घेण्याचा मोह होतो.

चौथी पायरी : वसतिगृह, पीजी की स्वतंत्र खोली

कॉलेजचं वसतिगृह मिळत असेल तर पहिलं वर्ष तिथेच काढावं. जेवण बेताचं असेल, नियम जाचक वाटतील, पण शहर कळायला एक वर्ष लागतंच. तोवर सोबतीही ठरतात. दुसऱ्या वर्षी चौघं मिळून घर घेणं कितीतरी सोपं जातं.

सरकारी वसतिगृहांकडे आपली मुलं फार कमी वळतात, याचं मला वाईट वाटतं. समाजकल्याण खात्याची आणि मागासवर्गीय कल्याण खात्याची मॅट्रिकोत्तर वसतिगृहं बेळगावात आहेत, मुलामुलींची वेगवेगळी. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गीयांच्या ३-ब प्रवर्गात येतो, त्यामुळे खानापूर-निपाणीच्या कितीतरी घरांतली मुलं अर्ज करू शकतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी विद्यासिरी योजना आहे. वर्षातले दहा महिने राहण्या-जेवण्याला दरमहा ठरावीक मदत मिळते. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. दोन्ही दाखले तहसीलदार कचेरीतून निघतात, म्हणून बारावीचा निकाल लागायच्या आधीच तयार ठेवा. महाराष्ट्रात रहिवास असलेल्यांना या योजना लागू नाहीत.

पीजी म्हणजे खाट भाड्याने, बरोबर जेवण. नेहरूनगर, सदाशिवनगर भागात हा प्रकार जास्त. पीजी पाहताना खोली पाहण्यात वेळ घालवू नका, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पाहा. किती जणांमागे एक संडास, हे मोजा. रविवारी संध्याकाळी जेवण असतं का, तेही विचारा. बहुतेक खानावळी आणि मेस त्या वेळी बंद असतात, आणि दर आठवड्याचं बाहेरचं जेवण महिन्याच्या हिशोबात दिसत नाही. आधी तीन-चार दिवसांचे पैसे देऊन जेवून पाहा, मगच महिना भरा. भाकरी, झुणका, शेंगाचटणी देणाऱ्या खानावळी सगळीकडे आहेत. आपल्या पोरांना ते जेवण मानवतं.

स्वतंत्र खोली घेणार असाल तर स्वयंपाकाची सोय लागेल. घरचं गॅस कनेक्शन गावाहून हलवण्याच्या भानगडीत पडू नका. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. दोघांना चहा-भाताला तो पुरतो.

पाचवी पायरी : जागा शोधायची कशी

मोबाइलवरच्या जाहिरातींवर बेळगावात फार विसंबू नये. इथली बरीच घरं ओळखीतूनच जातात. घरमालक बोर्ड लावतो तोही बहुधा कन्नडमध्ये, 'मने बाडिगेगे इदे'. नाहीतर नुसतं 'टु लेट'. त्यामुळे ज्या भागात राहायचं ठरलं तिथे सकाळी दोन-तीन तास चालत फिरणं हाच उत्तम उपाय. कोपऱ्यावरचा किराणावाला, इस्त्रीवाला, झेरॉक्सवाला यांना विचारा. कोणत्या घरात खोली रिकामी आहे आणि ती आधीच्या मुलांनी का सोडली, या दोन्ही गोष्टी त्यांना माहीत असतात. 'तरुण भारत'च्या छोट्या जाहिरातीही चाळा, वयस्क घरमालक अजून तिथेच जाहिरात देतात.

कॉलेजातली वरच्या वर्गातली मुलं सगळ्यात खरी माहिती देतात. तुमच्या तालुक्यातलं कुणी त्या कॉलेजात आहे का, ते शोधा. एजंटाकडे जाणार असाल तर त्याचं कमिशन किती आणि ते जागा ठरल्यावरच द्यायचं की आधी, हे पहिल्याच भेटीत बोलून घ्या. नुसती जागा दाखवायचे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून निघा.

भाषेबद्दल दोन शब्द. 'मराठी वस्तीतच खोली हवी' असा पालकांचा आग्रह असतो. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, हिंडलगा, कंग्राळी इथे तुम्हाला मराठी सर्रास ऐकू येईल. महांतेशनगर, शिवबसवनगर, रामतीर्थनगरकडे कन्नड जास्त. पण बाजारात, खानावळीत, दवाखान्यात दोन्ही भाषा चालतात आणि बहुतेक घरमालकांना दोन्ही येतात. तेवढ्यासाठी कॉलेजपासून लांब राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाला वर्ष-दोन वर्षांत कन्नड बोलता आलं तर त्याचा फायदाच होईल. निदान लिपी वाचायला तरी सुरुवातीलाच शिकवा. बसच्या पाट्या, विजेचं बिल, भाडेकरार हे सगळं कन्नडमध्ये असतं, आणि देवनागरी येणाऱ्याला ती अक्षरं थोड्या सरावाने लागतात. घर पाहायला जाताना 'बाडिगे एष्टु?' म्हणजे भाडं किती, आणि 'नीरु यावाग बरुत्तदे?' म्हणजे पाणी कधी येतं, एवढं आलं तरी घरमालकिणीचा चेहरा खुलतो.

सहावी पायरी : खोली पावसात पाहा

बेळगावचा पाऊस देशावरच्या लोकांना झेपत नाही. जून ते सप्टेंबर झड लागते, कपडे वाळत नाहीत, वह्या-पुस्तकांना बुरशी येते. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतात ही एका अर्थी चांगली गोष्ट. भर पावसात खोली पाहिली की ती खरी कळते. उन्हाळ्यात पाहणार असाल तर खुणा शोधा. पावसाचा मारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, म्हणून पश्चिमेची भिंत हाताने चाचपा. रंगाचे पोपडे, कोपऱ्यातले काळे ठिपके, कपाटामागचा कुबट वास दिसला तर ती खोली घेऊ नका. नुकताच रंग दिलेला असेल तर जास्तच बारकाईने पाहा. वरच्या मजल्यावर स्लॅबला गळतीचे डाग आहेत का, कौलारू घर असेल तर कौलं या वर्षी शाकारली का, हेही विचारा. कौलारू घरं उन्हाळ्यात थंड असतात. शहापूर-वडगावातली जुनी घरं अभ्यासाला फार छान, पण शाकारणी झालेली असेल तरच.

सखल भाग टाळा. २०१९च्या ऑगस्टमध्ये बेळगावात मोठा पूर आला, बळ्ळारी नाल्याच्या काठचा भाग आणि शहापूर-वडगावच्या सखल गल्ल्यांत पाणी शिरलं, घरं पडली. तळमजल्यावरची खोली पाहताना शेजाऱ्यांना एवढंच विचारा, '२०१९ला इथे पाणी कुठवर आलं होतं?' तो पाऊस इथे कुणी विसरलेलं नाही, उत्तर लगेच मिळेल.

आता पाणी. शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांतून पाणी येतं. २००८च्या सुमाराला बेळगावच्या १० प्रभागांत चोवीस तास पाण्याची योजना प्रायोगिक म्हणून सुरू झाली, तेव्हा देशभरात तिची चर्चा झाली. त्यामुळे 'बेळगावात चोवीस तास पाणी' असं बाहेरगावचे लोक समजतात. सगळीकडे तसं नाही. कित्येक भागांत काही दिवसांआड पाणी येतं, आणि मे महिन्यात ते अंतर वाढतं. घरमालकाला तीन गोष्टी विचारा. नळाला पाणी किती दिवसांआड येतं, विहीर किंवा बोअर आहे का आणि एप्रिल-मेमध्ये ती टिकते का, आणि टँकर मागवावा लागला तर पैसे कुणी द्यायचे. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि वाद मात्र त्यावरूनच होतात. नुसतं विचारून भागवू नका. छतावर जाऊन टाकी किती मोठी आहे आणि ती किती बिऱ्हाडांत वाटलेली आहे, ते स्वतः पाहा.

गरम पाण्याला बऱ्याच घरांत सोलर असतं, पण ऐन पावसाळ्यात ते पाणी तापवत नाही. त्या काळात गीझर आहे की बंब, हे विचारा. गीझर असेल तर विषय विजेच्या मीटरकडे वळतो.

मीटरबद्दल थोडं सविस्तर सांगते. गृहज्योती योजनेत कर्नाटकात घरगुती वापराच्या २०० युनिटपर्यंत वीज मोफत आहे आणि भाडेकरूलाही ती मिळते. त्यासाठी मीटरचा आरआर क्रमांक, म्हणजे वीजबिलावरचा जोडणी क्रमांक, तुमच्या आधारशी जोडावा लागतो, भाडेकरार दाखवून. पण २०० युनिट प्रत्येकाला सरसकट मिळत नाहीत. त्या घराच्या पूर्वीच्या सरासरी वापरात थोडी वाढ धरून मर्यादा ठरते. नव्या जोडणीला किंवा आधीची नोंद नसलेल्या भाडेकरूला ती ५८ युनिटच्या आसपास असते. दोन किलोवॅटचा गीझर रोज अर्धा तास चालवला तर महिन्याला ३० युनिट जातात, म्हणजे निम्मी मर्यादा एकट्या गीझरमध्ये संपली. म्हणून आधी पाहा, खोलीला स्वतंत्र मीटर आहे का? घरमालकाच्याच मीटरवर जोडणी असेल आणि तो युनिटमागे पैसे मागत असेल, तर त्याचं बिल शून्य येतं की नाही हे शांतपणे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. व्यावसायिक मीटर असलेल्या पीजीला ही योजना नाही.

एक काम संध्याकाळी करायचं. दिवसा पाहिलेली खोली रात्री आठनंतर पुन्हा जाऊन पाहा. गल्लीत दिवे आहेत का, बसथांब्यापासून चालत यायला वाटेत ओसाड पट्टा लागतो का, कुत्री किती, मोबाइलची रेंज खोलीत येते का. मुलगी राहणार असेल तर आईने तिच्याबरोबर त्या वाटेने एकदा चालून बघावं.

सातवी पायरी : घरमालकाशी उघड बोलणं

मांसाहार चालेल का, याचं उत्तर पहिल्या भेटीतच घ्या. शाकाहारी कुटुंबांची बरीच घरं आहेत, आणि त्यांना स्वयंपाकघरात मासे-मटण चालत नाही. बाहेर खाऊन आलेलं चालेल की तेही नाही, इतकं स्पष्ट बोललं तर पुढचं वर्ष सुखाचं जातं. काही घरमालक जात विचारतात. ते मनाला लागतं, पण अशा घरात मुलाला ठेवू नये एवढंच मी म्हणेन. खोटं सांगून मिळवलेल्या घरात मूल रोज दबून राहतं.

रात्री फाटक किती वाजता बंद होतं, गावाहून आई-वडील आले तर एक रात्र राहू शकतात का, मित्र येऊ शकतात का, सुट्टीत दोन महिने गावी गेल्यावर पूर्ण भाडं द्यायचं का, हे सगळं बोलून घ्या. मे महिन्याचं भाडं निम्मं करायला कित्येक घरमालक तयार होतात, पण ते आधी बोललं तर.

आठवी पायरी : कागद

करार ११ महिन्यांचा, मुद्रांकावर. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो, म्हणून सगळीकडे ११ महिन्यांची पद्धत आहे. करार कन्नडमध्ये असेल तर वाचता येणाऱ्या माणसाकडून ओळ न् ओळ समजून घ्या आणि मगच सही करा. घरमालक कितीही सज्जन असला तरी यात संकोच करू नका.

करारात या गोष्टी आल्याच पाहिजेत : भाडं आणि डिपॉझिट आकड्यात आणि अक्षरात, पाणी-विजेचे पैसे कुणी भरायचे, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल आणि त्यातून रंगाचे पैसे कापणार का. ही कपात कर्नाटकात बऱ्याच ठिकाणी चालते. कधी पूर्ण एका महिन्याचं भाडं कापतात. ती मान्य असेल तर रक्कम आत्ताच लिहून घ्या.

'लीजवर देतो' असं कुणी म्हणालं तर सावध ऐका. कर्नाटकात त्याचा अर्थ बहुधा असा असतो, एकदम मोठी रक्कम द्यायची, महिन्याचं भाडं नाही, मुदत संपली की रक्कम परत. नोकरदार कुटुंबाला हे जमतं. विद्यार्थ्याने या वाटेला जाऊ नये. घरावर आधीच बँकेचं कर्ज असेल तर तुमची सगळी पुंजी अडकते.

डिपॉझिट बँकेतून किंवा यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. रोख मागितली तर पावती घ्या. आधारची प्रत देताना त्यावर 'फक्त भाडेकरारासाठी' असं लिहून तारीख टाका. शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालत असेल तर तेच द्या.

राहायला जाताना

सामान हलवायचा दिवस निवडताना १ नोव्हेंबर आणि गणेश विसर्जनाचा दिवस टाळा. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची मिरवणूक आणि मराठी भाषकांचा काळा दिन दोन्ही असतात, शहराच्या मध्यातून टेम्पो काढणं मुश्कील होतं. विसर्जनाची मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते.

खोलीत सामान लावायच्या आधी मोबाइलवर सगळ्या भिंती, नळ, संडास, खिडक्यांच्या काचा आणि मीटरचा आकडा यांचे फोटो काढून घरमालकाला त्याच दिवशी पाठवा. खिळे कुठे मारायचे तेही विचारून घ्या. पहिल्या आठवड्यात जवळचा दवाखाना, रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान आणि शेवटची सिटी बस किती वाजता, हे माहीत करून घ्या. गणपत गल्लीत सार्वजनिक वाचनालय आहे, १८४८ सालचं. मराठी पुस्तकांसाठी आणि शांत बसून वाचण्यासाठी तिथलं सभासद व्हायला मुलांना मी आवर्जून सांगते.

खोली सोडताना डिपॉझिटबरोबर आणखी एक काम असतं आणि ते हमखास राहतं. गृहज्योतीसाठी आरआर क्रमांकाशी जोडलेलं तुमचं आधार तिथून काढून घ्या. एका आधारवर एकच मीटर जोडता येतो. जुन्या खोलीचा क्रमांक तसाच राहिला तर नव्या खोलीत तुम्हाला मोफत वीज मिळणार नाही, आणि जुन्या खोलीत येणाऱ्या नव्या मुलालाही ती घेता येणार नाही. किल्ली परत द्यायच्या आधीच, घरमालक समोर असताना, हे करून टाका.